फियाटला डिस्क ब्रेक बसवू का?

मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, की जुनी गाडी घरी आली की लोक आधी रंग बघतात, मग इंजिन, मग सीट कव्हरं, आणि ब्रेकचा नंबर पैसे संपल्यावर लागतो. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कोपरा ब्रेकलाच देऊन टाकलाय. कार्बोरेटरवाल्यांनो, तुमचं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : दादा नमस्कार. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाटच) आहे, त्यांनी शेवटपर्यंत चालवली, आता मी चालवतोय. महिन्यातून एकदा कराड-पुणे होतं. हायवेला पुढच्या स्विफ्टने कचकन ब्रेक मारला की माझ्या पोटात गोळा येतो, ती जागेवर थांबते आणि मी अजून पेडलवर उभाच असतो. इथल्या एका गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांना मारुतीचे डिस्क आणि वर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवून देतो म्हणून सांगितलंय. आकडा ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात माझी स्कूटी येते. बसवू का?
— एक फियाटवाला, कराड

उत्तर : बसवा, पण लगेच नको. त्याआधी तीन कामं आहेत, आणि ती झाल्यावर कदाचित तुम्हालाच वाटेल की वहिनींना स्कूटी घेऊन दिली असती तरी चाललं असतं.

पहिलं म्हणजे टायर. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. तुमच्या पत्रात टायरबद्दल एक अक्षर नाहीये. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे १२१४ असेल तर २०१४ सालातला बारावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात म्हणून नक्षी शाबूत दिसते, पण रबर तोवर खडखडीत झालेलं असतं. एक साधी परीक्षा करा, रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी ४० ला जोरात ब्रेक मारा. चाकं जाम होऊन टायर किंचाळले तर समजा की तुमच्या ड्रमच्या (म्हणजे चाकातल्या डब्याला आतून शू दाबून थांबवणाऱ्या जुन्या ब्रेकच्या) अंगात टायरपेक्षा जास्त जोर आहे, अशा वेळी डिस्क लावून तो एक ब्रेक फूटभरही आखूड होणार नाही. डिस्कचा खरा फायदा दुसरीकडे आहे, पाठोपाठ दहा वेळा ब्रेक मारताना, घाटात, पावसात, आणि पायाला नेमका अंदाज येण्यात.

घाटाचा हिशोब सांगतो कारण तो कोणी सांगत नाही. गाडी, तुम्ही, वहिनी आणि डिकीतलं सामान मिळून अकराशे किलो धरा. ताशी ८० वरून थांबताना ब्रेकला जेवढी उष्णता पचवायला लागते ती ताशी ६० च्या पावणेदोन पटीहून थोडी जास्तच असते, कारण वेगाचा वर्ग होतो. आता लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आणि खोपोली साठ-एक मीटर, म्हणजे बोरघाटात गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. इंजिनची मदत घेतली नाही आणि सगळा भार ब्रेकवर टाकला तर ती उष्णता होते ताशी ८० वरून बावीस वेळा थांबण्याएवढी, आणि मध्ये थंड व्हायला फुरसत नाही. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीपासून) लांब पळतो, लायनरची पकड त्याच वेळी कमी होते, आणि ड्रममध्ये जो शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःहून आत ओढला जातो त्याची ती ओढही सैल पडते. तीन बाजूंनी मार. डिस्क म्हणजे चकती, तिला दोन बाजूंनी पॅड चिमटतात; ती उघड्यावर वारा खात असते, तापून जाड झाली तरी पॅडच्याच दिशेने होते.

दुसरं काम, आहे तो ड्रम धड करून घ्या. नव्वद टक्के फियाटी मी बघतो त्यांचे ब्रेक वाईट नसतात, बेवारस असतात. (नव्वद हा माझा गॅरेजातला अंदाज, कोणी मोजलेलं नाही.) ड्रम लंबगोल झालेला असतो, तो लेथवर टर्निंग करा, पण एका बाजूचा केला तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच करा, आणि ड्रमवर जी शेवटची मर्यादा लिहिलेली असते तिच्यापुढे गेला असेल तर बदला, मोह नको. टर्निंग केलेल्या ड्रममध्ये नवीन लायनर फक्त मधल्या पट्ट्यात टेकतो, दोन्ही टोकं हवेत. म्हणून लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायला लागतो, नाहीतर पहिले काहीशे किलोमीटर गाडी अर्ध्या ब्रेकवर चालते आणि लोक म्हणतात नवीन लायनर टाकले तरी फरक नाही. चाकातला शू ढकलणारा व्हील सिलिंडर उघडून बोट फिरवा, खड्डे लागले तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. रबरी होज पाइप वडिलांच्या काळातले असतील तर न बघता बदला.

आणि ब्रेक ऑइल. इथे माझीच फजिती सांगतो. मे महिना, कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरत होतो, गाडीत पाच माणसं आणि परतीला आंबे आणायचे म्हणून रिकामी खोकी. तिसऱ्या गिअरमध्ये रमतगमत, वळणावळणाला पाय ब्रेकवर. आधी जळक्या लायनरचा वास आला, तो मी पुढच्या ट्रकचा समजलो. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते लोण्यात सुरी जावी तसं फ्लोअरपर्यंत गेलं. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, काही नाही. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, मग पहिला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून गाडी थांबवली. मेव्हणा खाली उतरून दगड शोधत होता आणि मागे बसलेल्या मावशींना वाटलं मी आंबेवाला बघून थांबलोय. अर्ध्या तासाने पेडल परत कडक, जणू काही झालंच नाही! लीक नव्हता, काही तुटलं नव्हतं. ऑइलला उकळी फुटली होती. ताजं डॉट ३ ऑइल (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि साडेतीन-पावणेचार टक्के पाणी गेलं की तेच १४० ला उकळतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली. माझं ऑइल किती वर्षांचं होतं ते विचारू नका. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की सगळं ऑइल बदलतो, आणि डॉट ४ टाकतो, त्याची उकळी ताजं असताना २३० आणि पाणी शोषल्यावर १५५.

तिसरं काम, आणि माझ्या मते पहिला मोठा खर्च इथेच करावा, तो म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडलचा जोर ऑइलवर टाकणारा पंप. तुमच्या गाडीला एकच सर्किट असेल तर चारही चाकांचं ऑइल एकाच पिस्टनवर आहे, मागचा एक पाइप गंजून फुटला की चारही चाकं गेली. टँडम मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन, पुढच्या चाकांचं वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक फुटलं तरी दुसरं जिवंत, पेडल खोल जाईल पण गाडी थांबेल. डिस्क लावून एकच सर्किट ठेवणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात, त्याला काय म्हणावं, सोन्याचं कुलूप आणि दाराला कडी नाही!

आता टँडम निवडताना बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, बघा. हिशोब सोपा आहे. पेडलची तरफ पाच पट धरा, तुमच्या पायाचा जोर ३० किलो, म्हणजे पिस्टनवर १५० किलो. पाऊण इंचाच्या बोअरला दाब होतो साधारण ५२ किलो दर चौरस सेंटीमीटरला, पाऊणऐवजी सात अष्टमांश इंचाचा घेतला तर तोच दाब ३९ च्या खाली. म्हणजे मोठा मास्टर लावला की पेडल कडक, छान, खानदानी वाटतं पण ब्रेक पाव हिश्शाने कमी लागतो. लोक फसतात ते इथेच. उलट बोअर फार लहान घेतला तर कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचे) मोठे पिस्टन भरायला ऑइल पुरत नाही आणि पेडल खोल जातं.

हे तिन्ही झालं, आणि तरी महिन्यातून एकदा हायवे आहेच, तर मग डिस्क. गॅरेजवाल्याला हे विचारा. कॅलिपरचा ब्रॅकेट कशाचा करणार आणि स्टबला (पुढचं चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याला) वेल्डिंग करणार का? करणार म्हणाला तर चहा पिऊन निघून या, स्टब अ‍ॅक्सलवर वेल्डिंग म्हणजे चाकच निखळायला आमंत्रण. जाड स्टीलची प्लेट, बोल्टवर, एवढंच चालेल. रिममध्ये कॅलिपर बसतो का, चाक पूर्ण वळवून होज कुठे घासतो का, हे तुमच्यासमोर बघायचं. मागच्या ड्रमच्या लाइनला थोडा शिल्लक दाब राखणारा जो व्हॉल्व्ह असतो तो पुढच्या डिस्कच्या लाइनला राहिला तर पॅड सतत घासत राहतील, तो तिथून काढावा लागतो. आणि शेवटचं, पुढे जोर वाढवला, मागचं तसंच ठेवलं, तर चाकांमधला तोल बदलतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी जाम झाली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. पुढची आधी जाम होणं परवडतं, मागची नाही. मोकळ्या मैदानात ओल्या मातीवर बघून घ्या, आधी गॅरेजवाल्याला चालवायला सांगा, तुम्ही बाहेर उभे राहा.

प्रश्न : काका, मी सत्तावन्न वर्षांची, फियाट मीच चालवते, मिस्टरांना गिअर स्टिअरिंगवर असला की जमत नाही. गाडी पाच महिने उभी होती. आता सिग्नलला पाय ठेवून उभी असते तर पेडल हळूहळू खाली जातं. गॅरेजवाला म्हणतो ब्रेकच्या पाइपात एअर आहे, तीनदा एअर काढली, तीनदा पैसे घेतले, पेडल परत तेच. ऑइल कुठे गळत नाही. काय असेल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ती एअर नाहीये. एअर असली की पेडल स्पंजसारखं लागतं, दाबलं की मऊ, पण तिथेच थांबतं. दोन-तीनदा पंप केलं की वर येतं आणि वरच राहतं, असं असेल तर शू लांब पडलेत, अ‍ॅडजस्ट करायचे. आणि पाय एकसारखा ठेवला असताना हळूहळू बुडतं, बाटलीतलं ऑइल मात्र तेवढंच, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं पुढचं रबर ऑइल अडवत नाहीये, ते रबराला वळसा घालून परत मागे येतंय. तुमचं हेच आहे.

आणि ते बहुतेक एअर काढतानाच झालंय. गाडी पाच महिने उभी राहिली की सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन रोज जात नाही तिथे गंज धरतो. एअर काढताना पोरगं पेडल थेट फ्लोअरपर्यंत दाबतं, रबर त्या गंजावरून जातं आणि फाटतं. जुन्या गाडीत एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पूर्ण खाली जाऊच द्यायचं नाही.

मास्टर उघडून बोअर चकचकीत असेल तर किट, ओरखडे असतील तर नवीन. उघडल्यावर पेट्रोल किंवा रॉकेलने धुतायत का यावर डोळा ठेवा, सगळीकडे ही खोड आहे. ब्रेकचं रबर रॉकेलने फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा बोंब. ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, बाकी काही नाही. ऑइल कमी पडलं म्हणून चमचाभर इंजिन ऑइल टाकणारे महाभागही असतात, त्यात सगळ्या सिस्टीमचं रबर जातं.

मग एअर तुम्ही स्वतः काढून बघा, मिस्टरांना पेडलवर बसवा, गिअर नाही जमला तरी हे जमेल. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलवर (चाकामागच्या एअर काढायच्या तोटीवर) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक काचेच्या बरणीत थोड्या ऑइलात बुडवून. तुम्ही म्हणायचं "दाबा", ते दाबून ओरडतील "धरलंय", तुम्ही पाव फेरा निप्पल सैल करायचा, फुसकन बुडबुडे येतील, निप्पल घट्ट, मग "सोडा". क्रम चुकला आणि निप्पल उघडं असताना पाय सोडला की बाहेरची हवा आत. आठ-दहा वेळा केलं की आधी काळं-तपकिरी ऑइल येईल, मग फिकट पिवळं, मग बुडबुडे थांबतील. मधे वरच्या बाटलीतलं ऑइल संपू देऊ नका, संपलं तर सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा घरात जे संवाद होतात ते छापण्यासारखे नसतात.

प्रश्न : आमच्याकडे पावसात फियाट ब्रेक मारला की डावीकडे खेचते, कधी कधी उजवीकडे. ऊन पडलं की ठीक. आणि गेल्या आठवड्यापासून ब्रेक सोडल्यावरही गाडी जड चालते, उजवं पुढचं चाक गरम लागतं. दोन्ही एकच भानगड आहे का?
— रत्नागिरीहून

उत्तर : दोन भानगडी आहेत. पहिली, ड्रममध्ये पाणी. डबक्यातून गेलात की एका ड्रममध्ये जास्त शिरतं, दुसऱ्यात कमी, म्हणून कधी इकडे कधी तिकडे. पाण्यातून बाहेर आल्यावर मागचा आरसा बघून, हळू चालत असताना डाव्या पायाने पेडल हलकं दाबून शंभरेक मीटर जा, गरमीने वाळतं. याला औषध म्हणून डिस्क चालतात, खरं आहे, डिस्कवरचं पाणी पॅड पुसून टाकतो.

दुसरी भानगड होजची वाटतेय. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून सुजतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं आणि परत यायला वाट सापडत नाही, म्हणजे चाक धरूनच राहतं. चाक वर घ्या, घोडी लावा, नुसत्या जॅकवर नको, ब्रेक मारून सोडा, चाक हाताने फिरत नसेल तर त्या चाकाचं निप्पल किंचित सैल करा. चिरिक करून ऑइल उडालं आणि चाक सुटलं तर होज (किंवा मास्टरचं परतीचं भोक बुजलंय, पण मग दुसरी चाकंही धरली असती). निप्पल सोडूनही चाक घट्ट असेल तर व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकलाय किंवा शूची स्प्रिंग गेलीय. होज बदलायचे तर जोडीने बदला.

कोकणातल्या सगळ्यांनाच सांगतो, गाडीखालचे स्टीलचे पाइप समुद्राच्या हवेने गंजतात, मागच्या अ‍ॅक्सलवरचा आधी, कारण त्यावर चिखल बसून राहतो. बदलताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप मिळाला तर घ्या, गंजत नाही आणि हाताने वळतो. साधं तांबं नको, कंपनाने कडक होऊन चिरतं.

प्रश्न : माझ्या १९८६ च्या अ‍ॅम्बेसेडरला डिस्क लावायचे की आहे त्या ड्रमलाच बूस्टर लावून भागेल? बूस्टर स्वस्त पडतोय.
— पुणे

उत्तर : बूस्टर ब्रेक वाढवत नाही, पाय वाढवतो. म्हणजे ज्या ब्रेकला तुम्ही चाळीस किलोने दाबायचात तो आता वीस किलोने दाबाल, पण ड्रम तापला की तेवढाच हतबल. गुडघा दुखतो, पाय भरून येतो म्हणून बूस्टर हवा असेल तर जरूर लावा. घाटात ब्रेक विरतो म्हणून लावणार असाल तर पैसे वाया.

डिस्कच्या बाबतीत मात्र तुम्ही फियाटवाल्यांपेक्षा सुखी आहात. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती आणि शेवटच्या काळातल्या गाड्यांना पुढे डिस्क कारखान्यातूनच येत. तेव्हा मारुतीचा कॅलिपर, कुठलातरी ब्रॅकेट असली खिचडी करण्यापेक्षा भंगारातल्या उशिराच्या गाडीचा स्टब, हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर आणि बूस्टर असा एकाच गाडीचा संच उचला, आणि घ्यायच्या आधी तुमच्या गाडीशी मापं जुळवून बघा. कॅलिपर आत खोलून रबरं नवी, पिस्टनला गंज असेल तर पिस्टन नवा. पुढून कारखान्याचा संच आला की बोअर, तोल, व्हॉल्व्ह ही वर कराडकरांना सांगितलेली डोकेदुखी निम्म्याने कमी होते, कारण तो हिशोब इंजिनिअरांनी आधीच केलेला असतो.

बूस्टर लावल्यावर एक जुनी सवय मोडा. आपल्याकडे उतार आला की न्यूट्रल टाकून इंजिन बंद करायची पद्धत, थेंबभर पेट्रोल वाचावं म्हणून. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन ब्रेकपुरता साठा असतो, नंतर पेडल दगड. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, त्यामुळे बूस्टर गेला की पाय अक्षरशः दोन्ही लागतात.

प्रश्न : सिलिकॉनचं डॉट ५ ऑइल टाकावं का? गाडी वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघते, लग्नाला आणि गणपतीला.
— मडगाव, गोवा

उत्तर : अशा गाडीला विचार करण्यासारखं आहे. ते पाणी शोषत नाही, रंगावर सांडलं तरी रंग जात नाही. पण आधीच्या ऑइलात मिसळायचं नाही म्हणजे नाही, सगळे पाइप रिकामे करून धुऊन सगळी रबरं नवी टाकली तरच. पाणी शोषत नाही याचा दुसरा अर्थ असा की आत गेलेलं पाणी थेंब होऊन खालच्या व्हील सिलिंडरमध्ये बसतं आणि तिथे गंजवतं. पेडलही जरा मऊ लागतं. आणि नावावर जाऊ नका, डॉट ५.१ हे सिलिकॉन नाही, ते डॉट ४ च्याच जातीचं आहे. मी स्वतः डॉट ४ टाकतो आणि बदलत राहतो, पण मी गाडी रोज काढतो.

प्रश्न : इथे न्यू जर्सीत मी १९६६ ची मस्टँग घेतलीय, सहा सिलिंडरची. चारही ड्रम, पॉवर ब्रेक नाही. इथे डिस्कची तयार किटं मिळतात, कुठलं घेऊ ते कळत नाही, भारतातल्या मित्राने तुमचं नाव सांगितलं.
— मूळचा नागपूरकर

उत्तर : मित्राला सांगा उधारी लक्षात आहे. तुमच्याकडे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) मस्टँगला पुढे डिस्क हा त्या काळी कंपनीचाच पर्याय होता, केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनचे कॅलिपर, त्यामुळे गाडीचं 'मूळपण' घालवल्याचा अपराधभाव ठेवू नका. पण किट मागवायच्या आधी चाकाचे बोल्ट मोजा. सहा सिलिंडरवाल्या गाडीला चार, व्ही-८ ला पाच. बहुतेक किटं पाच बोल्टची असतात, ती घेतलीत तर पुढची चाकं पाच बोल्टची आणि मागची चार, मग मागचा अ‍ॅक्सलही बदलत बसा आणि स्टेपनी कुठल्या चाकाला बसेल ते देवाला माहीत.

आणि तुमचंही एकच सर्किट आहे. मस्टँगला दोन सर्किटचा मास्टर १९६७ च्या मॉडेलपासून आला. किट घ्या किंवा नका घेऊ, तो आधी लावा.

प्रश्न : १९६८ ची फियाट ११०० आहे, व्हिंटेजची नंबर प्लेट घ्यायचीय. डिस्क लावले तर अडेल का?
— कोल्हापूर

उत्तर : २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांहून जुनी, खासगी आणि मूळ रूपातली गाडी लागते. चॅसी, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार नको असं त्यात लिहिलंय, ब्रेकचं नाव घेतलेलं नाही. तरी जे कराल ते बोल्टवर करा, परत काढता येईल असं, आणि जुने ड्रम, शू, बॅकप्लेट तेल लावून गोणीत बांधून माळ्यावर ठेवा. अर्ज करायच्या आधी आरटीओत गाडी दाखवून विचारून घ्या. नोंदणीचे २० हजार, दहा वर्षांसाठी, पुढे परत ५ हजार. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण ती प्लेट लागली की गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्ही तर पत्रात लिहिलंय की रोज तालमीला गाडीनेच जाता. मग प्लेट कशाला?

प्रश्न : घाईत आहे. बॉनेटवर ब्रेक ऑइल सांडलंय, मऊ फडक्याने पुसून घेतलं, रंग सुरकुतायला लागलाय. आता?
— ठाणे

उत्तर : मासिक हातात पडेपर्यंत रंग गेलेला असणार, पण पुढच्या वेळेसाठी: पुसायचं नाही, पुसलं की पसरतं. बादलीभर पाणी ओतायचं, लगेच, भरपूर. ते ऑइल पाण्यात विरघळतं. आणि एअर काढायला बसताना पाण्याची बादली शेजारी भरून ठेवा, ती आधी, पाना नंतर.